मास्तरांच्या मानेतली शीर

दवाखान्यातल्या सिस्टर तिला पाठीमागे ‘पुन्हाबघू’ म्हणायच्या, आणि ते तिला ठाऊक होतं. पेशंट तपासून झाला, औषधं लिहून झाली, ती पुढच्या खाटेकडे वळली, की दोन पावलं जाऊन परत फिरायची. "थांबा हं, पुन्हा बघू एकदा." मग नाडी पुन्हा, छाती पुन्हा, पायावरची सूज पुन्हा. घरीही तीच गत. कुलूप ओढून बघायचं, जिना उतरायचा, आणि अर्ध्यातून वर जाऊन परत ओढायचं. तिचा नवरा शाळेत भूमिती शिकवायचा. तो खाली स्कूटर सुरू करून थांबलेला असायचा आणि ती आली की फक्त एवढंच विचारायचा, "सिद्ध झालं का?"

ही धास्ती तिच्या अंगात लहानपणापासून होती, पण वाढली ती कामावर परतल्यानंतर. मुलगी लहान होती आणि त्याच सुमारास सासूबाई अंथरुणाला खिळल्या, म्हणून तिने डॉक्टरकी सोडली होती. काही महिन्यांसाठी म्हणून सोडली आणि मग वर्षं गेली. सासूबाई गेल्या, मुलगी आपली आपण शाळेत जाऊ लागली, तेव्हा ती परत आली. तोवर औषधांची नावं बदलली होती, मशिनं बदलली होती, आणि कॉलेजात तिच्या जेमतेम दोन वर्षं पुढे असलेला मुलगा हृदयाच्या विभागाचा प्रमुख होऊन बसला होता. सगळे त्याला ‘मोठे डॉक्टर’ म्हणायचे. तीही त्याला सर म्हणायला लागली. पहिले काही दिवस तो शब्द तिच्या घशात अडायचा, मग अडेनासा झाला.

तिच्याकडे वॉर्ड होता तो हृदय कमजोर झालेल्या लोकांचा. या लोकांची कथा थोडक्यात अशी की पंप पुढे नीट ढकलत नाही, म्हणून मागे साचत जातं. शिरा तुंबतात, पाय सुजतात, पोट फुगतं, छातीत पाणी भरतं आणि माणूस आडवा झाला की गुदमरतो. मग लघवी वाढवायचं औषध देऊन हे पाणी काढायचं. काढायचं किती, हा खरा प्रश्न. कमी काढलं तर माणूस आठ दिवसांत परत दारात. जास्त काढलं तर तो आतून कोरडा पडतो आणि मूत्रपिंडं रुसतात. पायावर अंगठा दाबून किती खड्डा पडतो ते बघायचं, मानेतली शीर कुठवर फुगलीय ते बघायचं, वजन बघायचं आणि अंदाज बांधायचा. मानेतली ती शीर डोळ्यांनी दिसते असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. पण माणसांच्या माना पुस्तकातल्यासारख्या नसतात. कुणाची जाड, कुणाची आखूड, कुणाची सुरकुतलेली.

म्हणून विभागात जेव्हा हातात मावेल एवढं सोनोग्राफीचं मशीन आलं, तेव्हा तिला वाटलं, हे आपल्यासाठीच आलं. खाटेपाशी जायचं, जेल लावायचं, मशीनची दांडी, म्हणजे प्रोब, मानेवर ठेवायचा की समोरच्या पडद्यावर शीर काळ्या गोलासारखी दिसते. भरलेली असली की टम्म, रिकामी असली की श्वासागणिक मिटणारी. तसंच बरगड्यांखाली ठेवलं की पोटातली मोठी शीर दिसते. अंदाजाची गरजच नाही, डोळ्यांसमोर दिसणार. तिच्यासारख्या बाईला याहून मोठं सुख कोणतं?

रविवारी जाऊन ती ते शिकली आणि आठवडाभर घरच्यांवर सराव केला. नवरा बैठकीत मानेला जेल फासून आडवा पडायचा, छातीवर वह्यांचा गठ्ठा ठेवून तपासत.

"आहे का काही माझ्या मानेत?" तो विचारायचा.

"आहे. बोलू नका, हलतं."

एकदा नणंद सहज भेटायला आली, तर तिलाही चहाआधी आडवं केलं. "वहिनी, मी चांगली आहे गं," ती म्हणत राहिली. "म्हणूनच हवीयस," ही म्हणाली. "चांगल्या माणसाची शीर कशी दिसते ते कळायला नको?"

मग वॉर्डात एक बेकरीवाली बाई आली. तिची मूत्रपिंडं बिघडत चालली होती आणि सगळ्यांना वाटत होतं, औषध जास्त झालं, बाई कोरडी पडली. हिने प्रोब ठेवला तर शिरा गच्च भरलेल्या. म्हणजे मूत्रपिंडांना रक्त कमी पडत नव्हतं, त्यांच्यातून बाहेर पडायला वाट नव्हती. औषध वाढवलं आणि बाई सुधारली. मोठ्या डॉक्टरांनी राउंडला सगळ्यांदेखत "छान पाहिलंस" म्हटलं. त्या संध्याकाळी बाहेर जाताना ती कुलूप एकदाच ओढून जिना उतरली. नवऱ्याने स्कूटर बंद करून तिच्याकडे बघितलं. "बरी आहेस ना?"

मास्तर त्यानंतर थोड्याच दिवसांनी भरती झाले.

मास्तर म्हणजे पोहण्याचे मास्तर. शहराच्या तलावावर त्यांनी आयुष्य घालवलं होतं आणि अर्ध्या गावाला पाण्यात ढकललं होतं. तिलाही. लहानपणी ती काठाचा दांडा सोडायला तयार नसे आणि हे गळ्यातली शिट्टी सावरत शेजारी बसून राहत. आता तोच माणूस तिच्या समोर खाटेवर तीन उशांना टेकून धापा टाकत होता. खांदे अजून रुंद होते, मान अजून बैलासारखी, पण पाय सुजून गुळगुळीत झालेले.

"मास्तर, मी तुमच्याकडे शिकलेय," तिने सांगितलं.

त्यांनी डोळे बारीक करून बघितलं. "हो हो. तू ती, पोहताना उजवीकडे वाकडी जायचीस ती."

शेजारी स्टुलावर त्यांची बायको बसली होती. बारीक अंगाची, पिशवी मांडीवर घट्ट धरलेली. ती म्हणाली, "सगळ्यांना हेच सांगतात. लक्षात एकही नाही."

पहिले दिवस चांगले गेले. शिरेतून औषध सुरू केलं, पाणी निघत गेलं, पायांवर सुरकुत्या दिसू लागल्या. मास्तर दोन उशांवर आले, मग एकीवर. काकूंनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली. आणि मग एका सकाळी रक्ताचा रिपोर्ट आला. मूत्रपिंडाचा आकडा चढला होता. दुसऱ्या दिवशी आणखी चढला.

राउंडला मोठे डॉक्टर खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. "पाय उतरलेत, छाती साफ आहे. कोरडे पडलेत. औषध बंद करू, थोडं सलाईन देऊ."

कोरडे नसतील तर? सलाईन म्हणजे भरलेल्या भांड्यात आणखी ओतणं. "सर, एकदा शिरा बघू का?"

"बघ की. मी पुढच्या खाटेवर आहे."

तिने खाटेभोवतीचा पडदा ओढला. मास्तरांना म्हणाली, "शांत पडून राहा हं, अजिबात हलू नका." मानेवर जेलचा गार गोळा टाकला, प्रोब ठेवला. पडद्यावर शीर टम्म गोल. बरगडीखाली ठेवला, तिथलीही मोठी शीर भरलेली. "नाकाने जोरात हुंगा," ती म्हणाली. मास्तरांनी हुंगलं. शीर जराही मिटली नाही. अगदी बेकरीवाल्या बाईसारखं. बाहेर मोठे डॉक्टर थांबले होते, त्यांच्यामागे सगळा घोळका थांबला होता. तिने प्रोब पुसला आणि बाहेर येऊन सांगितलं, "भरलेले आहेत, सर. तुंबल्यामुळे होतंय. औषध वाढवायला हवं."

मोठ्या डॉक्टरांनी क्षणभर तिच्याकडे बघितलं. "नक्की?"

"नक्की."

"ठीक आहे. तू पाहिलंयस, तू ठरव."

औषध वाढवलं. ती पुढच्या पेशंटकडे गेली. त्या दिवशी ती परत फिरली नाही.

दुपारी ती जेवायच्या खोलीत डबा उघडून बसली आणि पहिल्या घासालाच थांबली. वाढवलेल्या औषधाने एव्हाना लघवीची बाटली भरायला हवी होती. तिने सिस्टरला फोन करून विचारलं. "फारशी नाही मॅडम," सिस्टर म्हणाली. जरा वेळाने तिने पुन्हा विचारलं. "आत्ताच तर सांगितलं," सिस्टर म्हणाली, आणि मग आवाज बदलून, "बरं, तुम्ही येता का? काकू बोलावतायत."

ती जिन्यानेच धावत गेली. मास्तर खाटेच्या कडेला बसले होते. काकूंनी त्यांना दोन्ही हातांनी धरलं होतं. उठून बाथरूमकडे निघाले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली, भिंत धरली म्हणून पडले नाहीत. ओठांवर पापुद्रे आले होते.

"सकाळपासून पाणी मागतायत," काकू म्हणाल्या. "मी देत नाहीये. तुम्हीच मोजून द्यायला सांगितलंय ना."

तिने त्यांना आडवं केलं, रक्तदाब घेतला. खाली आलेला होता. तिने प्रोब काढला, जेल लावलं, मानेवर ठेवला. शीर टम्म. सकाळसारखीच. म्हणजे आपण बरोबर आहोत, असं मन म्हणालं, पण अंगाला ते पटेना. ओठ वाळलेत, उठल्यावर चक्कर येते, लघवी होत नाही, आणि शीर मात्र भरलेली. तिने हात तसाच ठेवला आणि पडद्याकडे बघत राहिली.

मग तिला दिसलं की शीर हलतच नाहीये. भरलेली शीरसुद्धा श्वासाबरोबर थोडी तरी हलते. ही चित्रासारखी स्तब्ध होती. तिने पडद्यावरून नजर काढून मास्तरांच्या छातीकडे बघितलं. छातीही स्तब्ध होती. भरलेली, वर उचललेली, आणि तिथेच थांबलेली.

ती काही बोलणार एवढ्यात मास्तरांनी तोंडाने हळूच फूऽऽ करून हवा सोडली. पडद्यावरचा गोल जागच्या जागी मिटला. उरली एक बारीक रेघ. पुढचा श्वास घेतला तर रेघही गेली.

ती खुर्चीवर बसली.

"मास्तर, तुम्ही श्वास धरला होता?"

"हो. तूच म्हणालीस ना, हलू नका."

"श्वास घेऊ नका असं नव्हते म्हणाले."

"ते आपोआप होतं गं," मास्तर म्हणाले. त्यांना यात विशेष काही वाटत नव्हतं. "अंगाला गार लागलं की धरला जातो. सवय आहे. पाण्यात उतरताना नाही का."

"सकाळीही धरला होता?"

"असेल. एवढं कोण बघतं?"

तिने बघायला हवं होतं. तिचंच ते काम होतं. माणूस छाती भरून श्वास कोंडून ठेवतो तेव्हा आतला दाब वाढतो आणि चांगल्या माणसाच्याही मानेतली शीर फुगते. हे तिला रविवारच्या वर्गात पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. नवऱ्याच्या मानेवर तिने स्वतः करून बघितलं होतं. नाकाने हुंगायला सांगितलं तेव्हा मास्तरांच्या छातीत हवेला जागाच नव्हती, मग शीर मिटणार कशी? सकाळी ती सगळा वेळ पडद्याकडे बघत होती. माणसाकडे बघितलंच नव्हतं.

तिने औषध सोडणारा पंप बंद केला. सिस्टरला म्हणाली, "हे सुरू करायचं नाही. मी येते." आणि ती मोठ्या डॉक्टरांच्या खोलीकडे निघाली. तो व्हरांडा काही लांब नव्हता, पण तिला वाटेत दोनदा थांबावं लागलं. काय सांगायचं याची वाक्यं ती जुळवत होती. पेशंटने श्वास धरला होता, असं सुरू करावं का? ते खरंच होतं. पण ते मास्तरांवर ढकलल्यासारखं झालं असतं.

मोठे डॉक्टर फोनवर होते. त्यांनी तिचा चेहरा बघून फोन ठेवला.

"सर, माझं चुकलं. मास्तर कोरडे आहेत. मी नीट पाहिलं नाही."

"औषध थांबवलंस?"

"थांबवलं."

"मग उभी का? बस." त्यांनी पाण्याचा ग्लास तिच्यासमोर सरकवला. तिने तो घेतला नाही. "कसं झालं ते सांग."

तिने सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "मी सकाळी बरोबर होतो असं समजू नकोस. मी पाय बघून अंदाज केला होता. बेकरीवाल्या बाईच्या वेळी माझा अंदाज फसला होता, तेव्हा तू होतीस." ते उठले. "चल. मलाही बघू दे. आणि या वेळी घाई नको."

ते दोघं खाटेपाशी गेले. जेलची बाटली सिस्टरने गरम पाण्यात धरून आणली. मोठे डॉक्टर स्टुलावर बसले आणि मास्तरांना तलावाबद्दल विचारायला लागले. खोल बाजूला आता किती पाणी असतं, फळी अजून आहे का, उडी मारताना लोक कुठे चुकतात. मास्तर खुलले. फळी कधीच काढून टाकली, हल्लीच्या लोकांना जबाबदारी नको असते, असं बरंच काही. बोलता बोलता ते थकून गप्प झाले आणि डोळे मिटून साधा, रोजचा श्वास घेऊ लागले. तेव्हा कुठे तिने प्रोब ठेवला. एक हात त्यांच्या छातीवर. मानेतली शीर श्वासागणिक नाहीशी होत होती. पोटातलीही. बघायला काही उरलंच नव्हतं.

"कोरडे," मोठे डॉक्टर म्हणाले. "सलाईन दे. पण बेतानं. हृदय तेच आहे."

तीच तर भीती होती. पाणी कमी आहे म्हणून भसाभसा देता येत नव्हतं. कमजोर हृदयाला जरा जास्त झालं की ते छातीत उतरणार. तिने थोडंसं दिलं आणि बसून राहिली. छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं. शीर बघितली. आणखी थोडं दिलं. पुन्हा ऐकलं. सलाईनच्या नळीतला प्रत्येक थेंब तिला आपल्याच पोटात पडल्यासारखा वाटत होता. आणि या सगळ्यात एक गोष्ट करायची राहिली होती.

काकू व्हरांड्यातल्या बाकावर होत्या. ती त्यांच्या शेजारी बसली.

"काकू, सकाळी मी तपासताना चुकले. त्यांच्या अंगात पाणी जास्त आहे असं मला वाटलं, म्हणून औषध वाढवलं. पाणी खरं तर कमी होतं. म्हणून चक्कर आली. आता औषध थांबवलंय."

काकूंना ते समजायला वेळ लागला. "म्हणजे ते पाणी मागत होते ते बरोबर होतं?"

"हो."

"आणि मी देत नव्हते."

"मी सांगितलं होतं म्हणून."

काकूंनी पिशवी उचलून परत मांडीवर घेतली. "त्यांच्या मूत्रपिंडाचं काय?"

"सुधारायला हवं. पण आज मी नक्की सांगू शकत नाही."

"सकाळी मात्र नक्की सांगत होतात," काकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "पडद्याआडून मी ऐकत होते." मग त्या म्हणाल्या, "तुम्ही आता त्यांना हात नका लावू. दुसऱ्या कुणाला तरी सांगा."

तिने मान हलवली. वॉर्डातल्या दुसऱ्या डॉक्टरला सगळं समजावून दिलं, कितीवर थांबायचं, काय ऐकायचं, काय बघायचं, छातीवर हात ठेवल्याशिवाय शीर बघायची नाही. तो तिच्याहून बराच लहान होता. "हो मॅडम, हो मॅडम," म्हणत राहिला आणि शेवटी म्हणाला, "मॅडम, जमेल मला."

संध्याकाळी ती घरी आली. कुलूप, गॅस, काही बघितलं नाही. मुलगी टेबलावर चित्र रंगवत होती. तिने एकदा आईकडे बघितलं आणि खडूचा डबा उचलून आतल्या खोलीत गेली. बऱ्याच वेळाने नवरा म्हणाला, "माझ्या मानेवर सराव करताना मी श्वास धरायचो का?"

"तुम्ही धरायचात तेव्हा मला कळायचं. तुम्ही घोरल्यासारखा आवाज करता."

तो हसला नाही. "उद्या मी वॉर्डापर्यंत सोडायला येऊ का तुला?"

"या."

दुसऱ्या दिवशी आकडा उतरायला हवा होता, पण तो आणखी चढला. तिला माहीत होतं की मूत्रपिंडं मागाहून हिशेब देतात, कालच्या मारहाणीचा वळ आज उमटतो. माहीत असून काय उपयोग. ती खाटेजवळ जाऊ शकत नव्हती. पडद्याच्या फटीतून तिला मास्तरांचे पाय दिसायचे, तेवढेच. ती सिस्टरला विचारायची, "बोलतायत का? दम लागतोय का?" सिस्टर एरवी तिची थट्टा करायच्या. त्या दिवशी कुणी केली नाही. उलट एकजण आपण होऊन येऊन सांगून गेली, "लघवी सुरू झालीय मॅडम. बरी झालीय."

त्या दिवशी एका दुसऱ्या पेशंटच्या शिरा बघायच्या होत्या. तिने प्रोब हातात घेतला आणि परत ठेवून दिला. मोठ्या डॉक्टरांनी ते दुरून बघितलं. जवळ येऊन म्हणाले, "काय झालं?"

"नको वाटतंय सर. मला हे दिसतं आणि मग मी त्यावर विश्वास ठेवते."

"मग अंगठ्याने पाय दाबून बघणार? तेही तुझाच अंगठा आहे." त्यांनी प्रोब तिच्याकडे सरकवला. "बघ आणि नंतर विचार कर, की हे दिसतंय ते बाकीच्याशी जुळतं का. नाही जुळलं तर परत बघ. तुला कुणी शिकवायला नको ते."

तिने प्रोब उचलला. कोपर खाटेला टेकवलं आणि आधी पेशंटच्या छातीकडे बघितलं.

त्यानंतरच्या सकाळी आकडा थांबला, आणि पुढच्या सकाळी थोडा खाली आला. रिपोर्ट तिने सिस्टरच्या टेबलापाशी उभ्याउभ्याच वाचला. मग तारीख वाचली. मग नाव वाचलं, कुणा दुसऱ्याचा तर नाही ना म्हणून. मग खालचा आकडा परत वाचला.

मास्तरांनीच तिला बोलावलं. काकू खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या.

"ये," मास्तर म्हणाले. "तो पोरगा चांगला आहे, पण हात फार गार त्याचे."

"कसं वाटतंय?"

"भूक लागते." त्यांनी बायकोकडे बघितलं, मग हिच्याकडे. "मी इतकी वर्षं लोकांना श्वास धरायला शिकवलं. सोडायचा कधी तेही सांगत होतो. तू सांगितलं नाहीस."

"नाही सांगितलं."

"हां." त्यांनी मान हलवली. राग नव्हता, पण माफीही नव्हती. पाण्यात कुणाचा हात चुकीचा पडला की जसं सांगत तसं त्यांनी सांगितलं होतं. "बस आता. उभी राहून बघू नको माझ्याकडे."

ती बसली. काकू वळल्या नाहीत, पण जा असंही म्हणाल्या नाहीत.

मास्तर घरी गेले तेव्हा मूत्रपिंडाचा आकडा पूर्वीच्या जागी आला नव्हता. थोडा वरच राहिला, आणि पुढेही राहिला. त्यातलं किती त्या एका दिवसाचं आणि किती आधीच्या आजाराचं, हे कुणालाच सांगता आलं नसतं. तिने ते काकूंना तसंच सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि औषधांच्या पाकिटांवर वेळा लिहून मागितल्या.

मग ते तपासणीला येऊ लागले. पहिल्या खेपेला काकूंनी टेबलावरची जेलची बाटली उचलली आणि काखेत धरून बसल्या. बाटली कोमट झाली की हातात दिली. पुढच्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला सिस्टर म्हणाली, "काकू, आमच्याकडे गरम पाणी आहे हो." काकू म्हणाल्या, "राहू दे. मला कळतं किती गरम झाली ते."

एका खेपेला मास्तर चांगले दिसत होते. पाय उतरलेले, छाती साफ, जिना चढून आले होते. तिने छातीवर हात ठेवून वाट बघितली. मास्तर तलावाच्या नव्या फरशीला शिव्या देत होते, त्या संपल्या, श्वास संथ झाला, मग तिने बघितलं. शीर मिटत नव्हती. पोटातली मोठी शीर बघितली, तीही फुगलेली. श्वास चालू होता, हाताखाली छाती वरखाली होत होती, आणि शीर भरलेली होती. तिने प्रोब उचलला, मास्तरांना उठून दोन मिनिटं फिरायला लावलं, परत झोपवलं, परत बघितलं. तेच. मग वजन केलं, मागच्या वेळेपेक्षा थोडं जास्त. या वेळी सगळं एकमेकांशी जुळत होतं. तिने मोठ्या डॉक्टरांना बोलावून दाखवलं. त्यांनीही बघितलं. लघवीची गोळी वाढवली, आठवड्याने परत बोलावलं, रक्त तपासायला सांगितलं.

त्या आठवड्यात तिने काकूंना रोज फोन केला. एक दिवस काकू म्हणाल्या, "अहो, ते झोपलेत. उठवून दम लागतो का विचारू का?"

आठवड्याने मास्तर आले. वजन उतरलं होतं, शीर श्वासाबरोबर मिटत होती, रक्ताचा आकडा जागच्या जागी होता. त्या गोळीवाचून त्यांना परत भरती व्हावं लागलं असतं का, कोण जाणे. न झालेल्या गोष्टीचा पुरावा नसतो. मास्तर सदरा घालत म्हणाले, "उद्यापासून तलावावर खुर्ची टाकून बसू का? पाण्यात नाही उतरणार."

"बसा. पण सावलीत."

"बसून ओरडायचं नाही," काकू म्हणाल्या.

"मग बसून करायचं काय?"

काकूंनी पिशवी उचलली. मास्तर दाराबाहेर गेले तशा त्या मागे राहिल्या आणि खालच्या आवाजात विचारलं, "आज तपासताना ते खरंच श्वास घेत होते ना?"

"घेत होते."

"बघितलंत तुम्ही?"

"हाताखाली होती छाती, काकू."

काकूंनी तिच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाल्या, "बरं. पुढच्या महिन्यात येतो." आणि त्या व्हरांड्यातून नवऱ्याच्या मागे गेल्या, त्याला गाठलं, आणि न विचारता त्याच्या कोपराखाली हात घातला. तिने दार लोटलं, प्रोब पुसला आणि पुढच्या पेशंटला आत बोलवायला सांगितलं.